परक्या लायब्ररीवर विसंबताना

भंडारा जिल्ह्यातील लाखांदूरचा धान उत्पादक डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाजालावरून उतरवून घेतो, तेव्हा त्याचा संगणक आणि दूरचा सर्व्हर यांच्यातील मजकूर सांकेतिक रूपात प्रवास करतो. हे सांकेतिकीकरण प्रत्येक प्रोग्रामर स्वतः लिहीत नाही. इतरांनी लिहून ठेवलेले तयार भाग तो आपल्या आज्ञावलीला जोडतो. अशा भागांच्या संचाला लायब्ररी म्हणतात. पुस्तकांशी तिचा संबंध नाही.

मुक्त स्रोत आज्ञावलींसाठी लायब्ररी निवडताना लोकप्रियता हाच निकष मानला जातो. तो अपुरा आहे. ‘ओपनएसएसएल’ ही सांकेतिकीकरणाची लायब्ररी जगभरातील असंख्य सर्व्हरवर होती. मार्च २०१२ मध्ये आलेल्या तिच्या १.०.१ या आवृत्तीत एक चूक राहिली. समोरच्याने सांगितलेली मजकुराची लांबी खरी आहे काय, हे ती पडताळतच नव्हती. परिणामी एकेका विनंतीसरशी सर्व्हरच्या स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा भाग परक्याच्या हाती पडू शकत होता. ‘हार्टब्लीड’ नावाने हा दोष ७ एप्रिल २०१४ रोजी उघड झाला. एवढ्या वापराच्या या प्रकल्पाला तोवर वर्षाकाठी जेमतेम दोन हजार डॉलर देणग्या मिळत होत्या.

दुसरे प्रकरण अधिक गंभीर, कारण तेथे चूक नव्हती, कपट होते. ‘एक्सझेड’ ही फाइल लहान करणारी लायब्ररी प्रामुख्याने एकच स्वयंसेवक सांभाळत होता. ‘जिया टॅन’ नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोनेक वर्षे मदत करून विश्वास संपादन केला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसविला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढताना अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला तो सापडला. २९ मार्च २०२४ रोजी त्याने ते जाहीर केले. गंमत अशी, की ज्या ‘ओपनएसएसएच’ला धोका होता, ती आज्ञावली मुळात एक्सझेड वापरतच नाही. काही लिनक्स वितरणांत मधल्या दुसऱ्या लायब्ररीच्या मार्गाने ती तेथे पोहोचली होती.

म्हणूनच निवड करताना देखभाल करणारे किती, सुरक्षा-दोष कळविल्यावर दुरुस्ती किती दिवसांत येते आणि ती लायब्ररी पुढे आणखी कोणाला ओढून आणते, हे पाहावे लागते. एक्सझेडमधील कपटाचा एक दुवा केवळ वाटपाच्या फाइलींत होता, खुल्या संहितासाठ्यात नव्हता. त्यामुळे दोन्ही ताडून पाहणे आवश्यक ठरते. परवान्याचाही प्रश्न असतो: ओपनएसएसएलचा जुना परवाना जीपीएलशी जुळत नसे, २०२१ मध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीपासून तिने अपाची २.० परवाना स्वीकारला.