टायर रिमवर टिकतो कसा?

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवण्याची लोहाराची रीत अनेक शिक्षकांनी पाहिली असेल. धावेचा परीघ चाकाच्या परिघापेक्षा किंचित कमी ठेवतात. तापवली की धाव प्रसरण पावते, चाकावर बसते आणि पाणी ओतताच आकसून घट्ट होते. आता सायकलकडे पाहू. टायरच्या दोन्ही कडांमध्ये न ताणणाऱ्या तारेची एकेक कडी असते. ती रिमच्या बाहेरच्या काठापेक्षा लहान असते. तरीही टायर तापवावा लागत नाही. तो हातांनी चढतो आणि हवा भरली की कितीही ओढला तरी निघत नाही. हे कसे साधते? उत्तरासाठी थोडे मागे जायला हवे.

हवा भरलेल्या चाकाचे पहिले पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने 1845 साली घेतले. रबर लावलेल्या कापडाच्या नळीवर चामड्याचे आवरण आणि ते चाकाला बोल्टांनी पक्के केलेले, अशी त्याची रचना होती. ती घोडागाडीसाठी होती. सायकलचा जमाना अजून यायचा होता. कल्पना विस्मरणात गेली. पुढे बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकीसाठी तीच गोष्ट स्वतंत्रपणे शोधली आणि 1888 साली पेटंट घेतले. थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यावर डनलॉपचे पेटंट टिकले नाही.

डनलॉपचा टायर आरामशीर आणि वेगवान होता, पण तो रिमला चिकटवलेला असे. पंक्चर झाले की कापड सोडवायचे, ट्यूब दुरुस्त करायची, पुन्हा सोल्यूशन लावून वाळू द्यायचे. म्हणजे हवा कोंडण्याचा प्रश्न सुटला होता. टायर पक्का बसावा आणि हवा तेव्हा निघावाही, हा प्रश्न तसाच होता. फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनी पट्ट्या आणि बोल्ट यांनी बसवलेला, सुटा होणारा टायर काढला. 1891 च्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या सुमारे 1200 किलोमीटरच्या शर्यतीत शार्ल तेराँ हा सायकलपटू याच टायरवर जिंकला. सुट्या टायरची उपयुक्तता लोकांना पटली.

मात्र बोल्टांवाचून काम भागवणाऱ्या दोन युक्त्या त्याआधीच, 1890 च्या शरद ऋतूत, जेमतेम पाच आठवड्यांच्या अंतराने ब्रिटनमध्ये नोंदल्या गेल्या होत्या. सप्टेंबरमध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च याने आणि ऑक्टोबरमध्ये एडिंबरोत राहणाऱ्या विल्यम अर्स्किन बार्टलेट या अमेरिकन गृहस्थाने पेटंट घेतले.

बार्टलेटच्या टायरच्या कडेला रबराची जाड गोट होती आणि रिमचे काठ आत वळवलेले होते. हवेच्या दाबाने गोट त्या आकड्याखाली जाऊन अडके. यालाच ‘क्लिंचर’ म्हणत. पकड सगळी दाबावर अवलंबून होती. हवा कमी झाली की गोट आकड्यातून सुटण्याचा धोका असे.

वेल्चने वेगळा विचार केला. त्याने कडेत न ताणणारी तार घातली आणि रिमच्या मध्यभागी खोलगट चर ठेवला. तार ताणता येत नाही, तर तिला थोडी सैल जागा द्यावी, हे त्याचे तत्त्व. टायरची कड एका बाजूला चरात दाबली की समोरच्या बाजूला ती काठावरून ओलांडता येते. हवा भरली की कडा चरातून वर येऊन आपापल्या बैठकीवर बसतात. आता तार मोठी होऊ शकत नाही आणि चरात जायला वाव नाही, म्हणून टायर पक्का.

ही सैल जागा किती, याचे गणित आठवीतल्या विद्यार्थ्यालाही करता येईल. बैठकीपेक्षा चर 3 मिलिमीटर खोल असेल, तर दोन्ही ठिकाणच्या परिघांत 2 × 3.14 × 3, म्हणजे सुमारे 19 मिलिमीटर फरक पडतो. चाक लहान असो वा मोठे, फरक तेवढाच. टायर चढवताना व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करून शेवट व्हॉल्व्हपाशी का करतात, तेही यातून कळते. व्हॉल्व्हचा बुडखा चर अडवतो, त्यामुळे तिथे कड खाली जाऊ शकत नाही. ती जागा शेवटी ठेवली की उरलेला सारा चर आपल्या कामी येतो.

काळाच्या ओघात बार्टलेटचा टायर मागे पडला आणि वेल्चचे तत्त्व सर्वत्र रुजले. गंमत अशी की शर्यतीच्या सायकलींच्या ट्यूबवाल्या टायरला आजही क्लिंचरच म्हणतात. नाव एकाचे, तत्त्व दुसऱ्याचे! अर्थात पुढे जास्त दाबाच्या टायरांसाठी रिमच्या काठाला छोटा आकडाही आला, म्हणजे बार्टलेटची थोडी मदत घेतली गेली.

ट्यूबलेस टायरने हा जुना प्रश्न पुन्हा उभा केला. मोटारींसाठी तो 1940 च्या दशकात आला, डोंगरी सायकलींसाठी 1999 च्या सुमारास आणि रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलींसाठी 2006 च्या सुमारास. ट्यूब असते तेव्हा ती चर भरून कडांना बाहेर दाबून ठेवते. ट्यूब गेली की हवा धरण्याचे कामही कडांवरच येते. म्हणून स्पोकची छिद्रे चिकटपट्टीने बंद करतात, बैठकीच्या आतल्या बाजूला छोटा उंचवटा ठेवतात आणि बारीक छिद्रे बुजवणारा द्रव आत ओततात. हवा झपाट्याने भरली की कडा उंचवटा ओलांडून ‘फट्’ आवाज करत जागेवर बसतात. हवा कमी झाल्यावर कड चरात घसरू नये, हे त्या उंचवट्याचे काम.

अलीकडे काही रिमांचा आकडाही काढून टाकला आहे. आता भिस्त मुख्यतः कडेतल्या न ताणणाऱ्या दोरीवर. तिच्यावर येणारा भार पाहा. 28 मिलिमीटर रुंद टायरमध्ये 5 बार दाब असेल, तर टायरचे कापड कडेला दर सेंटिमीटरमागे सुमारे 7 किलोग्रॅम वजनाइतके ओढते. म्हणूनच अशा रिमांसाठी 5 बार ही कमाल मर्यादा आहे आणि त्यावर फक्त त्यांच्यासाठीच बनवलेले टायर चालतात. फेब्रुवारी 2024 मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील शर्यतीत बेल्जियमचा थॉमस द गेन्ट पडला, तेव्हा अशा रिमवरून टायर निघालेला दिसला. चाक आधी दगडावर आदळले होते का, यावर वाद झाला आणि आकडा हवा की नको ही चर्चा पेटली. वेल्च आणि बार्टलेट यांचाच वाद जणू 134 वर्षांनी पुन्हा रंगला.

शिक्षकांना आमची सूचना अशी की एखादी जुनी रिम आणि टायर वर्गात आणावा. मुलांनी दोऱ्याने बैठकीचा आणि चराचा परीघ मोजावा, मग टायर चढवून पाहावा. एकदा व्हॉल्व्हपाशी शेवट करून, एकदा तिथून सुरुवात करून. परिघाचे सूत्र फळ्यावरून बोटांत उतरेल. पंक्चर काढणाऱ्या कारागिराला हे सूत्र माहीत नसेल, पण त्याचे अंगठे ते रोज वापरत असतात, हेही मुलांच्या ध्यानात येईल.