मुंगीजवळ जायला किती खर्च येतो?

शाळेला डिजिटल कॅमेरा मिळाला आहे, मुलांना मुंगीचे जबडे, जास्वंदीचे परागकोश, पानाखालचा मावा यांची छायाचित्रे काढायची आहेत. पण मॅक्रो भिंगाची किंमत विचारली तर ती कॅमेऱ्याच्याच किमतीला जाऊन भिडते. मग काय करावे? असा प्रश्न शिक्षक आम्हाला अधूनमधून विचारतात. उत्तरादाखल आम्ही बाजारभाव सांगत नाही. एका शेतकऱ्याची हकीकत सांगतो.

विल्सन बेंटली हा अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील जेरिको गावचा. जन्म ९ फेब्रुवारी १८६५. घरचा धंदा दूधदुभत्याचा. आई लग्नापूर्वी शिक्षिका होती आणि मुलाचे बरेचसे शिक्षण तिनेच घरी केले. तो पंधरा वर्षांचा झाला तेव्हा तिने त्याला एक सूक्ष्मदर्शक दिला. त्याखाली तो हिमाचे स्फटिक पाही आणि त्यांची चित्रे काढू लागे. पण चित्र पुरे होण्याआधीच स्फटिक वितळून जाई. छायाचित्र घेणे हाच उपाय होता. त्यासाठी भात्याचा कॅमेरा आणि त्याला जोडण्याजोगा सूक्ष्मदर्शक हवा होता. सगळे मिळून सुमारे १०० डॉलर! तेवढ्यात दहा गाईंचा कळप आला असता असे सांगतात. बर्फाचे फोटो काढण्यासाठी एवढा पैसा घालणे वडिलांना पसंत नव्हते, तरी त्यांनी तो घातला.

पहिल्या हिवाळ्यात चित्रे फसली. पुढे बेंटलीने भिंगासमोरचे छिद्र अगदी बारीक केले आणि प्लेटवर प्रकाश बराच जास्त वेळ, कधी मिनिटभराहूनही अधिक, पडू दिला. १५ जानेवारी १८८५ रोजी, वयाची वीस वर्षे पुरी व्हायला पंचवीस दिवस बाकी असताना, त्याला पहिले चांगले छायाचित्र मिळाले.

छिद्र बारीक करावे का लागले आणि प्रकाश इतका का कमी पडला, हे समजले की भिंगाच्या खरेदीचा निम्मा गुंता सुटतो. भिंग दूरची वस्तू पाहत असते तेव्हा प्रतिमा त्याच्या मागे नाभीय अंतरावर पडते. वस्तू जवळ आली की प्रतिमा मागे सरकते. म्हणून भिंग आणि प्लेट यांच्यातले अंतर वाढवावे लागते. ते वाढवण्याचे साधन म्हणजे भाता. हिशेब सोपा आहे: वाढवलेल्या अंतराला नाभीय अंतराने भागले की विशालन मिळते. ५० मिलीमीटरच्या भिंगामागे २५ मिलीमीटरची पोकळ नळी घातली तर वस्तूची प्रतिमा तिच्या निम्म्या आकाराची पडते. ५० मिलीमीटरची घातली तर मूळ आकाराएवढी. नळीत काच नसते. विशालन वाढते ते अंतरामुळे. ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही.

अर्थात फुकट काहीच नाही. भिंग आणि प्रतिमा यांच्यातले अंतर दुप्पट झाले की तोच प्रकाश चौपट क्षेत्रावर पसरतो, म्हणजे चौथा हिस्साच उरतो. शिवाय स्पष्ट दिसणारा थर फार पातळ होतो. मूळ आकाराच्या प्रतिमेत एफ ८ या छिद्राला तो जेमतेम एक मिलीमीटर भरतो. मुंगीचा डोळा स्पष्ट आला तर पाय धूसर! छिद्र आणखी बारीक केले तर थर जाड होतो, पण प्रकाश आणखी घटतो आणि एका मर्यादेपलीकडे विवर्तनामुळे सगळेच चित्र मऊ पडते. यांपैकी कोणतीही अडचण महाग भिंगाने टळत नाही. निसर्गाचे नियम किंमत पाहत नाहीत.

बेंटलीपाशी एक सोय होती: त्याचा स्फटिक पळून जात नसे. गारठलेल्या खोपटात, खिडकीच्या उजेडात, श्वास लागून तो वितळू नये म्हणून दम धरून तो काम करी. स्फटिक काचेवर नीट बसवायला पिसाचा उपयोग करी. कॅमेरा इतका लांब होई की मागच्या काचेवर पाहताना पुढच्या स्क्रूपर्यंत हात पोचत नसे. त्यासाठी त्याने दोरी आणि चाके लावून घरगुती व्यवस्था केली. नंतर तो प्लेटवरील स्फटिकाभोवतीचा थर खरवडून काढी, म्हणजे छापील चित्रात पार्श्वभूमी काळी येई. यावर पुढे टीकाही झाली. शिवाय तो सुबक, सममित स्फटिक निवडून घेई. प्रत्यक्षात बहुतेक स्फटिक वेडेवाकडेच असतात. हे मुलांना जरूर सांगावे. मात्र पाच हजारांहून अधिक छायाचित्रे त्याने त्याच एका कॅमेऱ्यावर काढली. १९३१ साली डब्ल्यू. जे. हम्फ्रीज यांच्यासह त्याचे पुस्तक निघाले. त्यात दोन हजार चारशेच्या वर चित्रे आहेत. त्याच वर्षी २३ डिसेंबरला तो वारला. १०० डॉलर ४६ वर्षे पुरले.

मग मॅक्रो भिंग म्हणून वेगळे भिंग कशाला निघाले? १९५५ साली हाइन्झ किलफिट यांचे ४० मिलीमीटरचे माक्रो-किलार आले. त्यात भाता किंवा नळी न लावता, नुसते कडे फिरवून दूरवरून थेट जवळ येता येत असे. एका प्रकारात निम्म्या आकारापर्यंत, दुसऱ्यात मूळ आकारापर्यंत. ही सोय मोठी होती. पण दुसरे कारण आम्हाला अधिक मनोरंजक वाटते. तेव्हा ग्रंथ आणि कागदपत्रे मायक्रोफिल्मवर उतरवण्याचे काम जोरात होते. रोमन अक्षरांना चालणारी भिंगे जपानी लिपीतील चित्राक्षरांना अपुरी पडत, कारण एकेका अक्षरात दहा-पंधरा रेघा दाटीने बसलेल्या. त्या गरजेतून निप्पॉन कोगाकु, म्हणजे पुढे निकॉन झालेल्या कंपनीने १९५६ साली ५ सेंटीमीटरचे मायक्रो-निकोर काढले. आपल्या जोडाक्षरांची आणि मात्रा-अनुस्वारांची दाटी पाहिली तर ही अडचण आपल्याला परकी वाटू नये.

पुस्तकाचे पान सपाट असते आणि चारही कोपरे मधल्या भागाइतकेच स्पष्ट हवे असतात. साधे भिंग लांबच्या दृश्यासाठी घडवलेले असते. जवळून वापरले की त्याचे कोपरे बिघडतात. मॅक्रो भिंगाचा खरा गुण इथे आहे. मुंगी मात्र चित्राच्या मध्यभागी असते आणि कोपऱ्यांत धूसर मातीच असते.

तेव्हा आमचे मत असे. हस्तलिखिते, टपाल तिकिटे, नकाशे यांच्या नकला करायच्या असतील तर मॅक्रो भिंगासाठी पैसे साठवावेत. जुने, हाताने फिरवायचेही चालेल. किडे आणि फुले एवढ्यासाठी आधी नळ्यांचा संच घ्यावा. मात्र विजेची जोडणी नसलेल्या नळीवर आजच्या बहुतेक भिंगांचे छिद्र कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही. अशा वेळी छिद्राचे कडे असलेले फिल्मच्या काळातील ५० मिलीमीटरचे भिंग उत्तम. ते कॅमेऱ्याला बसवायचे जोडकडे मिळते याची आधी खात्री करावी. मूळ आकाराहून मोठी प्रतिमा हवी असेल तर भिंग उलटे जोडावे. यात जादू नाही: भिंग घडवताना वस्तू दूर आणि प्रतिमा जवळ धरलेली असते, इथे वस्तू जवळ आणि प्रतिमा दूर, म्हणून उलटेच योग्य. समोर बसवायची क्लोज-अप काच सर्वांत सोपी, पण ५० मिलीमीटरच्या भिंगावर अधिक ४ शक्तीची काच लावूनही, भिंग दूरवर जुळवलेले असता, प्रतिमा पाचव्या हिश्शाचीच मिळते. मुंगीला ती पुरत नाही. फुलपाखरू आणि चतुर यांच्यासाठी मात्र लांब नाभीय अंतराचे भिंग हवे. ५० मिलीमीटरच्या भिंगाने मूळ आकार मिळवायचा तर भिंगापासून वस्तू सुमारे १० सेंटीमीटरवर येते. चतुर तेवढे येऊ देत नाही.

आणि बेंटलीला न मिळालेली एक गोष्ट आपल्याकडे आहे. त्याची प्रत्येक प्लेट पैशाची होती. आपण शंभर चित्रे काढून नव्याण्णव पुसू शकतो. भिंगापेक्षा ही सवलत मोठी आहे.

नळी आली की वर्गात एक चाचणी घ्यावी. मराठी वर्तमानपत्राचा तुकडा भिंतीवर सपाट चिकटवून त्याचे छायाचित्र घ्या आणि मुलांना कोपऱ्यांतील अनुस्वार वाचायला सांगा. आता छिद्र एफ ४, ८, १६ असे बदलून तेच करा. कोणत्या छिद्राला कोपरे सुधारतात आणि कोणत्याला मधला भागही मऊ होऊ लागतो, याचा तक्ता त्यांनाच करू द्या.