मोटारीचें मूळ इंजिन

आमच्या औंढ्याच्या नागनाथमंदिराचा तळभाग हेमाडपंती दगडाचा, तर वरचा भाग मागाहून बांधलेला आहे. म्हणून त्यास कोणी खोटें देऊळ म्हणत नाहीं. जुन्या अमेरिकन मोटारीस मात्र आपण निराळा न्याय लावतों.

मुंबईस शिवडी येथें 1928 पासून शेव्हरोले गाड्या जुळविल्या जात. 1947 पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत डॉज व प्लिमथ. पुढें आयातीवर निर्बंध आले, सुटे भाग दुर्मिळ झाले. 1973 नंतर तेल महागलें आणि सहा-आठ सिलिंडरांचें पोट भरणें मालकांस परवडेना. तेव्हां मिस्त्र्यांनीं त्यांत डिझेल इंजिनें बसविलीं. कित्येक गाड्या भंगारांतून वांचल्या त्या यामुळेंच!

परंतु जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनीं पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाडीस 'व्हिंटेज' नोंदणी देतांना सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशी अट घातली. ज्या डिझेलनें गाडी जगविली, तेंच आतां तिच्या आड येतें.

यास्तव घेणारानें इंजिनावरील व चासिसवरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं ताडावे. क्रमांक पुन्हां ठोकतां येतो. उत्तरपत्रिकेंतील खाडाखोड हुडकणारी नजर येथेंही हवी. विकणारानें बदल उघड सांगितला, तर मी ती गाडी कमी किंमतीस आनंदानें घेईन. मात्र काढलेलें जुनें इंजिन त्याच्या गोठ्यांत पडलें आहे काय, हें आधीं विचारीन, आणि असल्यास सौद्यांतच मागून घेईन.