पणजीचं नाव काय?

बीदर-कलबुर्गीकडच्या बऱ्याच घरांत ‘आमचे पणजोबा फौजेत होते’ असं अभिमानानं सांगतात. फौज बहुधा निजामाची, नाहीतर 1853च्या तहानंतरची हैदराबाद कंटिंजंट. पहिल्या महायुद्धात हैदराबादचे घोडेस्वार पॅलेस्टाइनपर्यंत गेले; दिल्लीच्या तीन मूर्तींतली एक त्यांची आहे. पण पणजीचं नाव विचारा, सगळ्या एकमेकींकडे बघतात.

सिकंदराबादच्या छावणीत गोऱ्या शिपायाचं लग्न झालं की चर्चच्या वहीत नोंद होई, तिची नक्कल लंडनला जाई. आपल्याकडे अक्षता पडल्या की लग्न झालं, कागद कशाला? त्यात 1948पर्यंत इथं निजामाचं राज्य, दफ्तर उर्दूत. घरात एखादा कागद निघाला तरी नातवंडांना वाचता येत नाही.

मग शोधायचं कुठं? कर्नाटकात वंशावळ सांभाळणारे हेळवी आहेत, त्यांना विचारावं. पण त्यांच्याकडे मुलगे पटापट सापडतात, सुना-लेकी मागे राहतात. पेन्शनचा जुना कागद असेल तर तो जपावा, वारस म्हणून बायकोचं नाव त्यात असू शकतं. आणि आपल्या मंदिरातल्या जुन्या धातूच्या प्रतिमा पाठीमागून बघाव्यात. तिथं साल, गोत्र, दात्याचं नाव आणि पुष्कळदा त्याच्या भार्येचंही नाव कोरलेलं असतं. धर्मकार्यात ती जोडीनं बसली, म्हणून नावानिशी उरली.

सासरी नाव बदलायचं, म्हणून माहेरचं नाव आणि गावही विचारा. घरात ऐंशी-नव्वदीच्या आजी आहेत तोवरच हे विचारून वहीत उतरवून घ्या, बायांनो.