अंबोसेलीची टेकडी : समोर किलिमांजारो, पायथ्याशी पाणी

केनिया आणि टांझानिया या दोन देशांच्या सीमेलगत, नैरोबीपासून सुमारे २४० किलोमीटर अंतरावर अंबोसेली राष्ट्रीय उद्यान वसलेले आहे. हत्तींचे कळप आणि त्यांच्या पाठीमागे किलिमांजारोचे हिमशिखर हे जगभर गाजलेले छायाचित्र याच उद्यानातले. आफ्रिकेतील बहुतेक अभयारण्यांप्रमाणे येथेही गाडीतून खाली उतरण्यास मनाई आहे. या नियमाला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतील सर्वांत महत्त्वाचा म्हणजे उद्यानाच्या पश्चिम भागातील ‘ऑब्झर्व्हेशन हिल’ ही टेकडी. मासाई लोक तिला नूमोतिओ म्हणतात.

टेकडी फार उंच नाही. पायवाटेने सावकाश चढले, तरी दहा-पंधरा मिनिटांत माथा गाठता येतो. माथ्यावर बसण्यासाठी छपरी आणि माहितीफलक आहेत. भोवतालचे मैदान इतके सपाट आहे, की एवढ्याशा उंचीवरूनही उद्यानाचा मोठा भाग नजरेत येतो. दक्षिणेला ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारो दिसतो. तो उभा आहे मात्र टांझानियाच्या हद्दीत. दुसऱ्या बाजूला अंबोसेली सरोवराचे विस्तीर्ण कोरडे पात्र पसरलेले असते. खारट धुळीची जागा अशा अर्थाच्या मासाई शब्दावरून उद्यानाला नाव पडले, ते या पात्राकडे पाहिल्यावर पटते. भरपूर पाऊस झालेल्या वर्षी मात्र हेच पात्र पाण्याने भरून जाते.

खरा चमत्कार आहे तो टेकडीच्या पायथ्याशी. एन्कोंगो नारोक नावाची हिरवीगार दलदल येथून स्पष्ट दिसते. तिच्यात पोटापर्यंत बुडून गवत उपटणारे हत्ती, पाठीवर बगळे घेऊन चरणारे रेडे, पाणघोडे आणि पाणपक्ष्यांचे थवे दुर्बिणीतून तासन् तास न्याहाळावेत. आसपास कोठेही बारमाही नदी नसताना हे पाणी येते कोठून, हा प्रश्न साहजिक आहे. किलिमांजारोचे बर्फ वितळून ते येते, असे उत्तर अनेकदा दिले जाते. पण ते बरोबर नाही. १९१२ ते २००७ या काळात पर्वतावरील सुमारे ८५ टक्के हिमाच्छादन नाहीसे झाले, तरी झरे वाहत राहिले. पर्वताच्या उतारावरील जंगलपट्ट्यात पडणारा पाऊस सच्छिद्र ज्वालामुखी खडकांत मुरतो आणि जमिनीखालून प्रवास करून अंबोसेलीत वर येतो. त्यामुळे या दलदलींचे भवितव्य शिखरावरील बर्फापेक्षा उतारावरील अरण्यावर अधिक अवलंबून आहे.

टेकडीवरून झाडे फारशी दिसत नाहीत, हेही लक्षात घेण्याजोगे. एकेकाळी येथे पिवळ्या सालीच्या बाभळींची दाट वने होती. ती वाळू लागली, तेव्हा भूजल वर येऊन मुळांपर्यंत क्षार पोहोचले, असा निष्कर्ष प्रथम काढण्यात आला. १९६७ पासून येथे संशोधन करणारे डेव्हिड वेस्टर्न यांनी पुढे काही जागांना कुंपण घालून पाहिले. हत्तींना मज्जाव केलेल्या त्या तुकड्यांत बाभळी पुन्हा जोमाने वाढल्या! उद्यानाच्या सीमेत हत्ती दाटीवाटीने राहू लागले, की वनांचे काय होते, याचा तो पुरावा होता.

या दाटीला इतिहास आहे. मासाई पशुपालक पिढ्यान् पिढ्या कोरड्या महिन्यांत आपली गुरे याच दलदलींवर आणत. १९७४ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि त्यांना येथून बाहेर काढण्यात आले. मोबदल्यात नळाने पाणी पुरवण्याची योजना आखली गेली. ती काही वर्षांतच कोलमडली आणि गुरे पुन्हा दलदलीकडे वळली. २००५ मध्ये तत्कालीन सरकारने उद्यानाचा राष्ट्रीय दर्जा काढून ते स्थानिक परिषदेकडे सोपवण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा संरक्षणवाद्यांनी न्यायालयात धाव घेतली. पाण्यावर हक्क कोणाचा, हा वाद असा जुना आहे.

उद्यानाचे क्षेत्रफळ जेमतेम ३९२ चौरस किलोमीटर. सुमारे दोन हजार हत्ती मात्र याच्या कितीतरी पट मोठ्या प्रदेशात वावरतात. सिंथिया मॉस यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासामुळे येथील हत्तींची कुटुंबे पिढ्यांनुसार नोंदली गेली आहेत. सकाळी दलदलीकडे येणाऱ्या आणि सायंकाळी बाहेरच्या झुडपी रानाकडे परतणाऱ्या त्यांच्या रांगा टेकडीवरून दिसतात. ज्या जमिनींवरून ते जातात, त्या मासाईंच्या सामूहिक मालकीच्या होत्या. आता त्यांचे तुकडे पडून कुंपणे उभी राहत आहेत. पूर्वेकडील किमाना परिसरात २०२० मध्ये सुमारे १८० एकरांवरील ॲव्होकाडोच्या शेतीवरून मोठा वाद झाला आणि पुढे तिचा पर्यावरण परवाना रद्द करण्यात आला. जमीनमालकाने आपल्या जमिनीवर पीक घेऊ नये काय, या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. २००९ च्या दुष्काळात येथील बहुसंख्य विल्डबीस्ट मेले आणि मासाईंची गुरेही मोठ्या संख्येने दगावली; त्या वर्षाची आठवण दोन्ही बाजूंना आहे.

नैरोबीहून मोम्बासा महामार्गाने एमालीपर्यंत जाऊन तेथून उजवीकडे वळल्यास किमाना प्रवेशद्वार गाठता येते. दुसरा रस्ता नामांगा या सीमेवरील गावावरून जातो. जून ते ऑक्टोबर आणि जानेवारी-फेब्रुवारी हे कोरडे महिने सोयीचे. शिखर पाहावयाचे असल्यास टेकडी भल्या सकाळी किंवा सूर्यास्तापूर्वी चढावी, कारण मधल्या वेळात ते बहुधा ढगांत दडलेले असते. केनियाच्या संरक्षित क्षेत्रांत जून २०२० पासून एकदाच वापरावयाच्या प्लास्टिकला बंदी आहे, त्यामुळे पाण्यासाठी धातूची बाटली जवळ ठेवावी. भारतीय प्रवाशांनी निघण्यापूर्वी किमान दहा दिवस पीतज्वराची लस घेणे आवश्यक आहे. तिचे प्रमाणपत्र परतताना मुंबई विमानतळावर तपासले जाते. ते नसल्यास प्रवाशाला विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.