बाबागाडी दाराशी येण्याआधी

गेल्या फाल्गुनात माझ्या भाचीला सातवा महिना लागला. ती आणि तिचा नवरा इंग्लंडात असतात. लागोपाठ चार शनिवार ती दोघे प्रॅमच्या दुकानांतून हिंडत होती आणि रविवारी फोनवर मला प्रश्न विचारत होती. चाके तीन असावीत की चार? बाळाचे तोंड आपल्याकडे असावे की रस्त्याकडे? घडी केलेली गाडी बसमध्ये एका हाताने उचलता येईल का? "मामा, तू जुन्या वस्तूंचा अभ्यास करतोस ना, मग सांग की!" असे ती गमतीने म्हणाली. माझी आई, म्हणजे तिची आजी, शेजारीच बसली होती. वय चौऱ्याऐंशी. ती म्हणाली, "पसंत हवी ती कर. पण पोर हाती आल्याशिवाय गाडी घरात आणू नकोस."

भाची हसली. म्हणाली, "आजी, दुकानदारानं तेच विचारलं. आत्ता नेता की बाळ झाल्यावर पाठवू? इथंही पुष्कळ जण आधी नेत नाहीत म्हणे."

प्रॅमचा इतिहास शोधायला मी त्या रात्री बसलो. मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून ग्रंथालयांत बसत आलेला माणूस आहे. पण कोकणात वाढलेल्या माझ्या आईचे आणि इंग्लंडातल्या दुकानदाराचे एकाच गोष्टीवर एकमत होते, याचे कारण मला हवे होते. गाडीच्या मागे मागे जाताना ते सापडले, असे मला वाटते.

बकरीपासून विमानापर्यंत

प्रॅमच्या कथेची सुरुवात बहुतेक जण १७३३ पासून करतात. विल्यम केंट हा इंग्लंडातला नामांकित वास्तुकार आणि उद्यानरचनाकार. डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी त्याने शिंपल्याच्या आकाराची एक लहान गाडी केली. ती माणसाने ढकलायची नव्हती. तिला बकरी किंवा लहान तट्टू जुंपायचे. म्हणजे तो बड्या घरचा एक खेळच होता. मुलाला घेऊन बाहेर पडायची आईची सोय त्यात कुठेच नव्हती.

ती सोय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आली. चार्ल्स बर्टन याने मागून ढकलायची तीन चाकांची गाडी केली आणि १८५३ मध्ये लंडनला तिचे पेटंट घेतले. तिचे नाव 'पेराम्ब्युलेटर'. 'प्रॅम' हा त्याचाच तोडलेला तुकडा. हे नाव मात्र बर्टनच्या आधीपासून भारतात फिरत होते. दांड्याला लावलेले एक मोठे चाक ढकलत नेऊन रस्त्याचे अंतर मोजण्याच्या यंत्रालाही पेराम्ब्युलेटरच म्हणत, आणि ईस्ट इंडिया कंपनीचे भूमापक या मुलखातले रस्ते त्याच चाकाने मोजत होते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'पायी फिरणे'. आधी त्या नावाचे चाक मुलूख मोजत फिरले, मागाहून त्याच नावाची गाडी मुले घेऊन फिरू लागली.

पुढचे टप्पे थोडक्यात सांगतो. १८७७ मध्ये विल्यम विल्सन याने लीड्स शहरात 'सिल्व्हर क्रॉस' हा कारखाना काढला आणि स्प्रिंगांवर झुलणारी, टपाची, घोडागाडीच्या थाटाची प्रॅम घडवली. १८८९ मध्ये बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णीय अमेरिकनाने पेटंट घेतले. त्याच्या गाडीतली बाळाची टोपली फिरवता येई; बाळाचे तोंड हवे तेव्हा आईकडे, हवे तेव्हा पुढे. माझ्या भाचीला पडलेला प्रश्न १८८९ मध्येच यंत्रात उतरला होता! २००८ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातील सुझॅन झीडिक यांनी रस्त्यावरच्या अडीच हजारांहून अधिक आई-बाळांचे निरीक्षण केले. बाळाचे तोंड आपल्याकडे असले की आईबाप त्याच्याशी कितीतरी जास्त बोलतात, असे त्यात दिसले. भाचीला मी एवढे एकच खात्रीचे उत्तर देऊ शकलो.

शेवटचा टप्पा ओवेन मॅक्लॅरन यांचा. हे विमानविद्येतले अभियंता. दुसऱ्या महायुद्धातल्या प्रसिद्ध 'स्पिटफायर' विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यांनी काम केले होते. मुलगी नातवंडाला घेऊन परदेशातून आली आणि जड प्रॅमपायी प्रवासात तिची दमछाक झाली, म्हणून त्यांनी विचार सुरू केला असे सांगतात. विमानाची चाके पोटात दुमडतात, त्या धर्तीवर अॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी त्यांनी बनवली. १९६५ मध्ये पेटंटासाठी अर्ज केला. वजन तीन किलोंच्या आतच. प्रॅम दाईच्या हातून सुटून खऱ्या अर्थाने आईच्या हाती आली ती या गाडीने. दाई न परवडणारी बाईही आता एका काखेत मूल आणि दुसऱ्या हातात गाडी घेऊन बसमध्ये चढू शकत होती.

'बाबा' कोण?

मराठीत या वस्तूला आपण बाबागाडी म्हणतो. यातला 'बाबा' कोण? १८८६ मध्ये निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात 'बाबा' ही नोंद आहे. साहेबाच्या घरातली मुले म्हणजे 'बाबा', आणि अनेकवचनी 'बाबालोग'. माझा तर्क असा, की लष्करी छावण्यांच्या आणि थंड हवेच्या ठिकाणांच्या सपाट रस्त्यांवर आया ज्यातून साहेबाच्या 'बाबा'ला फिरवी ती बाबागाडी. शब्द आपला वाटतो, पण त्याला वास बंगल्याच्या आवाराचा आहे. गाडी ढकलणाऱ्या बाईचे स्वतःचे मूल त्या वेळी घरी कोणापाशी होते, हा प्रश्न त्या शब्दात मावत नाही.

आपल्याकडे मुलाचे वाहन नव्हते असे नाही. पांगुळगाडा होताच, तीन लाकडी चाकांचा, सुताराने करून दिलेला. पण त्यात मूल बसत नाही. ते त्याला धरून उभे राहते आणि स्वतः ढकलते. त्याआधीचे सारे महिने मूल कडेवर, झोळीत किंवा पाळण्यात. बिगारी बाई झाडाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधे, आणि आजही बांधते. मूल फिरवायला आपल्याकडे माणसे होती, रस्ते नव्हते. रस्ते अजूनही नाहीत. पुण्यामुंबईत हौसेने घेतलेल्या कितीतरी बाबागाड्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांखाली उभ्या दिसतात, कारण फूटपाथवर दुचाकी लावलेली असते आणि जिथे ती नसते तिथे गटाराचे झाकण उचकटलेले असते.

तयारी कोणाची?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बाळाची तयारी आधी का करायची नाही?

आपल्या चालीरीती या नजरेने क्रमाने पाहा. तिसऱ्या महिन्यात चोरचोळी. नावातच 'चोर' आहे. बोभाटा करायचा नाही. सातव्या महिन्यात डोहाळजेवण. हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा, पेढा की बर्फी ओळखण्याचा खेळ. हा समारंभ उघड आणि थाटाचा, पण नीट पाहिले तर यात बाळासाठी काहीच नाही. जे आहे ते सगळे तिच्यासाठी: तिला आवडणारे जेवण, तिची साडी, तिचे कौतुक. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी जाते. तिथली तयारीही तिचीच. डिंक, अळीव, बाळंतशोपा, शेगडीसाठी कोळसा. बाळासाठी काय? जुन्या लुगड्यांची धुऊन मऊ झालेली फडकी. पुष्कळ घरांत बारशापर्यंत नवे कापड बाळाच्या अंगाला लावत नसत. झबली-टोपडी, कुंची आणि बाळंतविडा हे सगळे बाळ झाल्यावर.

जन्मानंतर पाचवी-सहावीला सटवाई पुजायची. ती बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते. बाराव्या दिवशी बारसे: त्या दिवशी बाळ पाळण्यात जाते, त्या दिवशी त्याला नाव मिळते. पाळणा आणि नाव बारा दिवस थांबतात.

या बारा दिवसांत काय होते? नाळ अस्वच्छ विळ्याने कापली, जखमेला राख किंवा शेण लावले, तर नवजात बाळाला धनुर्वात होतो. त्याची लक्षणे बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान दिसतात, सर्वांत जास्त आठवड्याच्या सुमारास. जगात कित्येक ठिकाणी या रोगाला 'आठव्या दिवसाचा आजार' असेच नाव होते. सटवाईची रात्र आणि बारशाचा दिवस या मुदतीच्या अगदी अलीकडे-पलीकडे उभे आहेत. प्रथा केवळ या एका रोगामुळे पडली असे मी म्हणत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत बाळ दगावण्याची कारणे अनेक होती. पण घराने आपला जीव किती दिवस आवरून धरायचा, याचा हिशेब बायकांनी अनुभवाने मांडला होता, असे मला दिसते.

आनंदीबाई जोशी यांची हकिगत आपल्याला ठाऊक आहे. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवस जगला. दहा दिवस, म्हणजे बारशाच्या आत. पुढे अमेरिकेत जाऊन १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, आणि पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय त्यांनी निवडला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. ही वाक्ये आपण शाळेपासून एकापुढे एक वाचत आलो. त्यांतल्या 'दहा' या आकड्यावर मी यापूर्वी कधी थांबलो नव्हतो.

इंग्लंडातला दुकानदार

ही भीती आपल्याच वाट्याला आली होती असे नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८९९ साली हजार बाळांमागे १६३ वर्षाच्या आत दगावत होती. जगावर राज्य करणाऱ्या देशाचा हा आकडा आहे. प्रॅमचे कारखाने ज्या काळात भरभराटले तोच हा काळ. जन्माआधी रिकामी प्रॅम घरात आणू नये ही समजूत तिथे रुजली, यात मग नवल ते काय? नंतर आकडा उतरला, समजूत उरली. दुकानदारांनी तिच्याशी वाद घातला नाही. गाडी ठेवून घेण्याची सोय केली.

फिनलंडची गोष्ट याच्या उलटी आणि म्हणून महत्त्वाची. १९३०च्या दशकात तिथे हजारी सुमारे ६५ बाळे वर्षाच्या आत जात. १९३७ मध्ये कायदा झाला आणि १९३८ पासून गरीब आयांना सरकारकडून बाळासाठी मदत मिळू लागली: पैसे नकोत तर कपडे, दुपटी, गादी भरलेली पेटी. रिकामी झाली की पेटीच बाळाचा पहिला बिछाना. १९४९ पासून ती सगळ्या आयांना मिळू लागली, पण एका अटीवर: चौथा महिना संपायच्या आत आईने डॉक्टरकडे किंवा सरकारी दवाखान्यात तपासून घेतले पाहिजे. तयारी बाळ येण्याआधी करायची, आणि ती करायला आईला दवाखान्याच्या उंबऱ्यापर्यंत आणायचे. भीतीवर काढलेला तो शहाणा तोडगा होता.

आपल्याकडे १९७१ मध्ये हजारी १२९ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. २०२० मध्ये तो आकडा २८ वर आला. २०१५ मध्ये माता आणि नवजात यांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याची नोंद झाली. गर्भारपणातल्या इंजेक्शनांचे, दवाखान्यातल्या बाळंतपणांचे, निर्जंतुक ब्लेडचे आणि खेडोपाडी चालत जाणाऱ्या परिचारिकांचे हे काम आहे. डोहाळजेवणाच्या फोटोंत आता बाबागाडी सजवून ठेवलेली दिसते, ती या आकड्यांमुळे. जुन्या बायका तिच्याकडे पाहून गप्प राहतात. तेही या आकड्यांमुळेच.

एक नोंद घरातली

हे सगळे टिपण आईला वाचून दाखवले. सटवाईच्या भागाशी तिने मला थांबवले. म्हणाली, "तुझ्याआधी एक होता. आठ दिवसांचा."

मी पंचावन्न वर्षांचा आहे. हे मला माहीत नव्हते. बहिणीलाही नव्हते. मी विचारले, नाव काय होते? ती म्हणाली, "बारसं कुठं झालं होतं?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "वडलांनी पाळणा आधीच रंगवून घेतला होता. हिरवा." तो पाळणा कोणाला देऊन टाकला, हे तिला आठवत नव्हते, किंवा सांगायचे नव्हते. मी पुढे विचारले नाही.

समजूत खोटी असते. पाळणा रंगवल्याने मूल जात नाही. पण ती कशाची आठवण आहे हे न विचारता तिला अडाणीपणा म्हणून मी इतकी वर्षे मोकळा झालो होतो.

भाचीला वैशाखात मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. बाबागाडी तिसऱ्या दिवशी दुकानातून आली. चार चाकांची, बाळाचे तोंड आईकडे. आईने फोनवर ती पाहिली, चाके नीट दाखवायला लावली, आणि विचारले, "ब्रेक आहे का हिला?"

आपल्या घरांत बाळंतपणाच्या खर्चाच्या जुन्या वह्या, सुईणीला दिलेल्या बिदागीच्या नोंदी, बाळंतविड्याच्या याद्या अजून कुठे कुठे असतील. रद्दीत घालण्यापूर्वी एकदा त्या उघडून पाहाव्यात, आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईच्या शेजारी बसून वाचाव्यात, एवढीच विनंती आहे.