स्वयंवह चक्र व भास्कराचार्यांचा अभिप्राय

ज्योतिषाच्या पोथ्या जमविणाऱ्यांच्या हातीं भास्कराचार्यांचा गोलाध्याय केव्हां ना केव्हां येतोच. शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें रचिलेल्या सिद्धान्तशिरोमणीचा हा भाग असून त्यांतील यंत्राध्यायाच्या शेवटीं स्वयंवह, म्हणजे आपोआप फिरणाऱ्या चक्रांचे श्लोक आहेत. या श्लोकांच्या आधारें आपल्या पूर्वजांनीं अखंड फिरणारें चक्र सिद्ध केलें होतें, असें प्रतिपादन आमच्या ऐकण्यांत वारंवार येतें. तें आम्हांस मान्य नाहीं. असें चक्र कोठेंही झालेलें नाहीं व होणारही नाहीं. आणि आचार्यांनीं या विषयास कोणत्या कोटींत बसविलें आहे, तिकडे या प्रतिपादकांचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं.

प्रथम एक भेद ध्यानांत ठेवावा. आर्यभटानें सांगितलेला कालाबरोबर फिरणारा लांकडी गोल पारा, तेल व पाणी यांच्या योगानें चालतो. पाणी वाहून संपलें कीं गोल थांबला; त्यांत अशक्य असें कांहीं नाहीं. प्रश्न आहे तो बाहेरून कांहीं न घेतां फिरणाऱ्या चक्राचा. तें प्रथम ब्रह्मगुप्ताच्या शके ५५० मधील ब्राह्मस्फुटसिद्धान्तांत स्पष्टपणें दिसतें: हलक्या लांकडाचें चक्र, त्यास सारख्या पोकळ आऱ्या, त्या पाऱ्यानें अर्ध्या भरून तोंडें बंद केलेलीं. भास्कराचार्यांनीं याच आऱ्या नंद्यावर्ताप्रमाणें एका बाजूस किंचित् वळविण्यास सांगितल्या आहेत.

कल्पना मोठी मोहक आहे. उतरत्या बाजूस पारा आरीच्या बाहेरच्या टोंकाकडे धांवतो व आंसापासून दूर पडतो; चढत्या बाजूस तो आंसाजवळ येतो. दूरचें वजन अधिक ओढतें, हें तराजू हातीं धरणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. तेव्हां चक्र फिरलेंच पाहिजे! परंतु तराजूंत वजनाचें अंतर मोजावें तशी वजनांची संख्याही मोजावी लागते. उतरत्या बाजूचा पारा दूर असला तरी तितक्या अंतरावर थोड्याच आऱ्या असतात. चढत्या बाजूस आंसाजवळ पाऱ्याच्या अधिक आऱ्यांची गर्दी होते. हिशेब याहून सोप्या रीतीनेंही होतो. चक्राचा एक फेरा पुरा झाला म्हणजे प्रत्येक आरींतील पारा पहिल्याच उंचीवर परत येतो. तो जितका उतरला तितकाच चढला. वजनानें उतरतांना दिलें तें सर्व चढतांना परत घेतलें. शिल्लक शून्य. बरें, आरीच्या आंत पारा घसरतो तो उतारही चक्राच्या कामीं येत नाहीं. तो टोंकावर आपटून वाया जातो, आणि ती तूट चक्रालाच भरून द्यावी लागते. ज्या धांवण्यास कर्ता नफा समजला तेंच नुकसान आहे. आंसाचें घर्षण व हवेचा अडथळा हे वेगळेच.

आचार्यांचें दुसरें चक्र कडेच्या खांचेंत पारा व पाणी भरून, ती तालपत्र व मेण यांनीं झांकलेलें आहे. पारा पाण्याच्या सुमारें साडेतेरापट जड. पाणी त्यास हटवूं शकत नाहीं म्हणून पाणीच चक्रास ओढील, असा आशय. वस्तुतः चक्र थोडें कलून, एकंदर वजनाचा मध्य खालीं आला कीं स्थिर होतें.

तिसरें चक्र आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. कुंडांतील पाणी वांकड्या नळीनें (आचार्य तिला कुक्कुटनाडी म्हणतात) चक्राच्या कडेस बांधलेल्या घटांत पडतें व चक्र फिरतें. येथपर्यंत सर्व यथार्थ आहे; ही पाणचक्कीच. परंतु घटांतून पडलेलें पाणी पन्हळीनें पुनः कुंडांत नेलें तर वरून पाणी घालावयास नको, असें पुढें म्हटलें आहे. आणि तेथें घोटाळा होतो. वांकड्या नळीचें सुटतें तोंड कुंडांतील पाण्याच्या पातळीहून खालीं असेल तरच ती वाहते. चक्र त्याहून खालीं. चक्रांतून पडलेलें पाणी त्याहूनही खालीं. तें पन्हळीनें वर कसें जावें?

आतां अभिप्राय. लल्लादिकांच्या स्वयंवहास आचार्य परावलंबी, म्हणून ग्राम्य ठरवितात. सूर्यसिद्धान्त अशा यंत्रांची कृति गुप्त ठेवावयास सांगतो. भास्कराचार्य प्रकरण संपवितांना म्हणतात कीं, असें यंत्र कुहकविद्येनें, म्हणजे इंद्रजालाच्या युक्तीनें नानाप्रकारें होतें. गोलाशीं त्याचा संबंध आहे म्हणून नव्हे, पूर्वजांनीं सांगितलें म्हणून आपणही सांगितलें. आचार्यांनीं चक्र करून फिरविल्याचा एक शब्दही येथें नाहीं. ज्या श्लोकांवर अभिमान उभारावयाचा त्यांच्याच शेजारचा हा श्लोक गाळणें हें संशोधन नव्हे.

या मोहांत आपणच पडलों असेंही नाहीं. फ्रान्सांतील व्हिलार द ओनकूर याच्या तेराव्या शतकांतील चित्रवहींत झुलत्या हातोड्यांचें असेंच चक्र आहे, व त्याच्या टिपणांत पाऱ्याचाही उल्लेख येतो. तिकडे हा नाद इतका वाढला कीं, पॅरिसच्या विज्ञान अकादमीनें १७७५ मध्यें अशीं यंत्रें यापुढें तपासावयाचींच नाहींत, असा ठराव केला.

ज्यांच्या संग्रहीं यंत्राध्यायाची सचित्र पोथी असेल त्यांनीं आऱ्यांचा कल कोणत्या बाजूस काढला आहे, नळीचें तोंड कुंडाच्या खालीं आहे कीं वर, व कुहकविद्येचा श्लोक कायम आहे कीं नाहीं, एवढें पाहून पत्रांकासह आम्हांस कळवावें.